वडगावच्या लूमशेडमधली फियाट : कामाच्या नोंदी

गाडी फियाट 1100 डिलाइट, पहिली नोंदणी 1971. माझ्या वडिलांची. ते गेल्यावर खानापूरला घरामागं फणसाखाली 17 वर्षं उभी होती. नुसती दुरुस्तच करायची असती तर चांगल्या गॅरेजला दिली असती, चार-पाच महिन्यांत हातात आली असती. पण मी ओळखतो त्या बेळगावातल्या फियाटच्या मिस्त्र्यांपैकी तिघंच आता काम करतात, आणि तिघांच्याही हाताखाली एक पोरगं नाही. म्हणून गाडी एक, शेड एक आणि शिकणारी पाच पोरं, असं ठरवलं. असंच कुणी करायला निघालं तर आमचे गेलेले दिवस आणि पैसे त्याचे वाचावेत म्हणून ह्या नोंदी.

12 जानेवारी 2025, रविवार

जागा मिळाली. बेळगावच्या वडगावात मित्राचा पॉवरलूमचा शेड आहे, माग विकल्यापासून रिकामा. 40 फूट बाय 22 फूट, थ्री फेज कनेक्शन जागेवर, वरून उजेड भरपूर. मागांचे पाय रोवले होते तिथं जमिनीत खड्डे राहिलेत. जॅक लावायचा तर जमीन सपाट पाहिजे, म्हणून आधी सिमेंट कालवून ते भरले. ₹1,900.

मित्र भाडं घेत नाही. वीजबिल आमचं, आणि संध्याकाळी सातनंतर ठोकाठोक नाही, कारण भिंतीला लागून लोक राहतात. ही अट पहिल्याच दिवशी खडूनं दारावर लिहिली. जागा वाटून घ्यायची असेल तर आधी शेजाऱ्यांशी बोला, हत्यारांचं नंतर बघा.

शिकवणारे मिस्त्रीमामा 74 वर्षांचे. गुडघे गेलेत. म्हणाले, "मी स्टुलावर बसणार. हात पोरांचे." मी स्वतः उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत 22 वर्षं लेथवर काढली, पण मोटारीचं काम मलाही अर्धंच येतं.

पोरांची नावं लिहीत नाही, गावावरून ओळखा. येळ्ळूरचा आयटीआय फिटर. मच्छेचा हायड्रॉलिकच्या कारखान्यात असेंब्लीला. धामण्याचा फाउंड्रीत मोल्डिंगला. खानापूरची मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. बैलहोंगलचा बारावी झालेला, त्याला मराठी जेमतेम. मामा त्याच्याशी कानडीत बोलतात. पाना, जॅक, पॅकिंग हे शब्द दोन्हीकडं तेच, त्यामुळं अडत काही नाही.

26 जानेवारी

गाडी आणायला ₹3,500 गेले. चाकं जाम, म्हणून ओढून ट्रॉलीवर घ्यावी लागली.

आज उघडायला सुरुवात केली आणि पहिली चूक माझी. पुढच्या बंपरचा बोल्ट येळ्ळूरच्याकडून निघत नव्हता. दोन मिनिटं बघितलं आणि त्याच्या हातातून पाना घेतला. जोर लावला, बोल्ट तुटला. मामा स्टुलावरून म्हणाले, "तुझ्या हातानं तुटला त्यात त्याला काय कळलं? त्याच्या हातानं तुटला असता तर कुठपर्यंत पिळायचं ते हाताला कळलं असतं." तेव्हापासून नियम : ज्यानं पाना धरला त्यानंच सोडायचा. मदत तोंडानं.

दुसरी चूक सगळ्यांची. काढलेले नट-बोल्ट दोन पत्र्याच्या डब्यांत टाकले. संध्याकाळी डबे भरले आणि कुठला कशाचा ते कुणाला सांगता येईना. दोन रविवार नुसतं वर्गीकरण. आता प्रत्येक भागाची वेगळी प्लास्टिक पिशवी, आत पुठ्ठ्याची चिठ्ठी, पेननं नाही तर पेन्सिलीनं लिहिलेली, कारण पेनची शाई डिझेल लागलं की पसरते. पिशवीबरोबर काढण्याआधीचा फोटो.

9 फेब्रुवारी

गंज काढायची टाकी तयार केली. 60 लिटरचा प्लास्टिकचा पिंप, पाण्यात धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे), पाच लिटरला एक मोठा चमचा या मापानं. बॅटरी चार्जरची ऋण बाजू गंजलेल्या भागाला, धन बाजू बांधकामाच्या सळीच्या तुकड्यांना. 10-12 तासांत तांबडा गंज काळा होऊन ब्रशनं निघतो आणि खालचं चांगलं लोखंड खरवडलं जात नाही.

तीन गोष्टी पोरांकडून वहीत लिहून घेतल्या. ह्यात हायड्रोजन सुटतो, म्हणून टाकी शेडच्या बाहेर आणि जवळ बिडी-काडी नाही. धन बाजूला स्टेनलेस स्टील कधी लावायचं नाही, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आणि स्प्रिंगा टाकायच्या नाहीत, हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ होतं.

चौथी गोष्ट सांगायची राहिली.

16 फेब्रुवारी

चौथी गोष्ट म्हणजे अॅल्युमिनियम. इंजिनच्या हेडवरून रेडिएटरकडं पाणी जातं तिथलं ओतीव कोपर बैलहोंगलच्यानं बुधवारी टाकीत टाकलं आणि रविवारपर्यंत तिथंच राहिलं. वर गंजाचा थर होता, त्याला ते लोखंड वाटलं. सोड्याच्या पाण्यात अॅल्युमिनियम विरघळतं. बाहेर काढलं तेव्हा पॅकिंगच्या तोंडाची कड वाळवी लागलेल्या लाकडासारखी झाली होती.

पोरगं रडवेलं झालं. त्याला मी काही बोललो नाही, कारण सांगितलंच नव्हतं. आता टाकीजवळ लोहचुंबक दोरीला बांधून टांगलाय. चिकटलं तरच टाकीत.

2 मार्च

इंजिन जाम होतं. फेब्रुवारीतच प्लग काढून चारही सिलिंडरांत डिझेल आणि गिअरचं पातळ तेल निम्मं-निम्मं ओतून ठेवलं होतं. रोज कुणीतरी येऊन थोडं वाढवायचं. मच्छेच्याला घाई, तो म्हणाला पाच फुटी पाइप लावून क्रँक फिरवूया. मामा नको म्हणाले. पिस्टनच्या रिंगा चिकटलेल्या असताना जोर लावला तर रिंग तुटते आणि तुकडा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, खरवडतो. चौथा गिअर टाकून गाडी पुढं-मागं हलवायला लावली, इंचभर, रोज दहा मिनिटं. 19 व्या दिवशी "टक्" आवाज झाला आणि फिरलं. खानापूरची टाळ्या वाजवत शेडभर धावली.

16 मार्च

हेड काढलं. 1089 सीसीचं इंजिन, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68 आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) 75 मिमी. हे आकडे मी सांगितले नाहीत. पट्टी आणि व्हर्निअर दिला, मापायला लावलं, आणि मग चार सिलिंडरांचं घनफळ काढायला लावलं. बारावीच्या पोराच्या कागदावर 1089 आलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

दोन नंबरच्या बोअरमध्ये पाणी बसून खड्डे पडलेत, नख अडकतं. बाकी तिन्ही नुसते झिजलेत. दोन नंबरला लायनर (आत बसवायची नवी नळी), मग चारही एका मापात बोअर करून वरच्या मापाचे पिस्टन. अॅल्युमिनियमचं हेड सरळपट्टी आणि फिलर गेजनं (फट मापायच्या पातळ पट्ट्या) तपासलं, मधोमध 0.15 मिमी दबलंय. फेसिंग, म्हणजे तोंड घासून सपाट, करावं लागणार.

उद्यमबागेतल्या ओळखीच्या मशीन शॉपवाल्याला एवढंच सांगितलं की काम तुमच्या वेळेनं करा, पण करताना ही पाच पोरं शेजारी उभी राहतील. तो हो म्हणाला. सगळं मिळून ₹14,600, पिस्टन-बेअरिंग-पॅकिंगचे ₹13,900 वेगळे. पोरं पावणेदोन तास होनिंग (बोअर आतून घासून गुळगुळीत करणं) बघत उभी होती. ज्या गावात गल्लोगल्ली लेथ आणि ग्राइंडर आहेत तिथं जुनी गाडी करायची सोय दुसरीकडच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, हे आपल्याच लोकांच्या लक्षात येत नाही.

30 मार्च, पाडवा

सुट्टी. मामांनी घरून सगळ्यांना श्रीखंड पाठवलं.

13 एप्रिल

आता सगळ्यात महागात पडलेली चूक, आणि तीही माझीच. सविस्तर लिहितो.

फियाटला जीपसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. दाराखालची पेटी, जिला आम्ही सिल म्हणतो, ती गाडीचं कमरेचं हाड. डाव्या बाजूची सिल गंजून बोटानं भोक पडत होतं. मी येळ्ळूरच्याला सांगितलं, काप. गाडी पुढं-मागं टोकांना घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी, मध्ये आधार नाही. त्यानं ग्राइंडरनं स्वच्छ कापली, माझ्या डोळ्यांदेखत. जुना पत्रा निघाला, नवा 20 गेजचा वाकवून बसवला, सीओटू वेल्डिंगनं टाके मारले, मग एका दमात सलग वेल्ड ओढला.

दार लावायला गेलो, लागेना. मागची कड 7 मिमी खाली. सिल कापल्याबरोबर गाडी मधोमध वाकली होती आणि वाकलेल्या अवस्थेतच आम्ही ती शिवून टाकली होती. वर सलग वेल्डच्या उष्णतेनं पत्रा फुगून लाटा आल्या.

मामा त्या दिवशी आले नव्हते.

20 एप्रिल

मामा आले, फिरून बघितलं, बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दार उघडून चौकटीत आधी दांडा मारायचा असतो. हे मी सांगायला पाहिजे होतं." त्यांना वाईट वाटलं ते मला जास्त लागलं.

4 मे

दुरुस्ती अशी केली. नवी सिल पुन्हा कापून काढली. मधोमध खाली जॅक, वर लाकडी ठोकळा, आणि सावकाश उचलत दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी होईपर्यंत आणली. फट मोजायला खानापूरचीनं पुठ्ठ्याची पट्टी कापली होती, 5 मिमी. सगळीकडं ती एकसारखी सरकली पाहिजे. मग दाराच्या चौकटीत 25 मिमीचे अँगल आडवे-तिरपे टाकून टाके. त्यानंतरच सिल. वेल्ड एका जागी एक इंच, मग दुसऱ्या टोकाला एक इंच, मध्ये पत्र्याला हात लावून बघायचा. हात ठेववत नसेल तर थांबायचं.

उजवी बाजू पोरांनीच अँगल लावून केली, मी बाहेर उसाचा रस पीत बसलो होतो मुद्दाम. फट 5 मिमी, वरपासून खालपर्यंत.

तीन आठवडे आणि ₹2,100 पाण्यात. डावं दार अजून किंचित उचलून लावावं लागतं.

11 मे

कोपर. मुंबईतली शेवटची पद्मिनी (ह्याच फियाटची पुढची आवृत्ती) टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये 20 वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. मला वाटायचं तिथल्या भंगारात सामान ढिगानं पडलेलं असेल. दोन ठिकाणी विचारलं, एकाकडं नव्हतं, दुसऱ्यानं पाठवलेलं दुसऱ्याच मॉडेलचं निघालं. तेव्हा धामण्याचा म्हणाला, "ओतूया की. आम्ही दिवसभर तेच करालोय."

खाल्लेली कड लांबीनं (पुट्टीनं) भरून घासली आणि तेच कोपर पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, म्हणून वाळूत दाबलं. फाउंड्रीच्या मालकानं संध्याकाळी उरलेल्या अॅल्युमिनियममधून ओतू दिलं. सुंदर आलं. बसवायला गेलो तर बोल्टची भोकं जुळेनात. अॅल्युमिनियम थंड होताना शेकडा सव्वाच्या आसपास आखडतं, आणि आमचा पॅटर्न म्हणजे आखडलेलाच भाग. धामण्याच्याला हे रोज माहीत होतं, पण कारखान्यात पॅटर्न तयार येतो, वाढीव माप कुणीतरी आधीच धरलेलं असतं. त्यानं स्वतः कधी धरलं नव्हतं.

दुसऱ्यांदा त्यानं पॅटर्नवर सगळीकडून लांबीचा पातळ थर दिला, भोकं बुजवली, भरीव ओतलं, आणि भोकं नंतर हेडवरून खुणा घेऊन ड्रिलवर मारली. बसलं. फाउंड्रीवाल्यानं ₹600 घेतले, तेही धातूचे. कोपराच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यानं छिन्नीनं आपली आद्याक्षरं कोरलीत.

25 मे

मे महिना रंगाच्या आधीचा प्रायमर मारायला ठेवला होता. यंदा पाऊस मेमध्येच आला. मला थांबवेना. शनिवारी दुपारी उघडीप बघून प्रायमर मारला, रात्री धो-धो. शेडमध्ये ओल एवढी की भिंतीला हात लावला तर ओला. साधा प्रायमर सच्छिद्र असतो, हवेतलं पाणी पितो. आठ दिवसांत वेल्डच्या कडांना तांबडे ठिपके. ₹3,400 गेले आणि घासून काढायला दोन रविवार. पुन्हा इपॉक्सी प्रायमर मारला, तो पाणी धरत नाही. रंग दिवाळीनंतर. खानापूर-बेळगावच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर बॉडीचं काम धरूच नका, इंजिन आणि वायरिंग धरा.

15 जून

हत्यारं हरवायला लागली. कुणी चोरत नाही, घरी नेतात, विसरतात. 13 नंबरचा रिंग पाना तीनदा विकत घेतला. भिंतीला प्लायवूड ठोकून प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा काळ्या रंगानं काढली. रिकामी रेषा दिसली की शेड बंद होत नाही. हे पहिल्याच महिन्यात करायला पाहिजे होतं.

आज मच्छेच्यानं विषय काढला : एवढं करायचं तर ओम्नीचं इंजिन टाकूया, पुढं डिस्क ब्रेक, गिअरचा दांडा खाली जमिनीवर. गाडी पळेल तरी. बाकीच्यांतल्या दोघांनाही पटलं. मी नियम काढून दाखवला. 2021 पासून जुन्या वाहनांची वेगळी नोंदणी आहे. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली पाहिजेत, आणि बॉडी, चासी, इंजिन मूळ रूपात, मोठा बदल न केलेलं. नव्या नोंदणीला ₹20,000 फी, दहा वर्षांची मुदत, धंद्याला वापरायची नाही. ओम्नीचं इंजिन टाकलं की तो रस्ता बंद.

पण खरं कारण ते नाही, आणि ते मी त्यांना सांगितलं. माझे वडील तो स्टिअरिंगजवळचा हँड गिअर टाकताना डाव्या हातानं असा हलका वर उचलायचे, ते मला अजून दिसतं. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पडत नाही, म्हणून ते चौकात थांबायचेच. ती गाडी तशीच चालली पाहिजे. मच्छेचा गप्प झाला आणि मग म्हणाला, "मग ब्रेक मी करतो, आहेत तेच."

6 जुलै, आषाढी

ब्रेकच्या कामाआधी एक सक्त सूचना. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर हवा मारून धूळ उडवायची नाही. पाण्यात साबण कालवून ओल्या फडक्यानं पुसायची, फडकी पिशवीत बांधून टाकायची. मामांनी आयुष्यभर हवा मारली. त्यांनीच पोरांना मास्क वाटले.

चारही चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर, रबर किट, होज नवे. ₹5,200. मच्छेच्यानं फार निगुतीनं बसवलं. कारखान्यात तो सिलिंडरच जोडतो.

20 जुलै

ब्रेक धरले ते सुटेनात. चारही चाकं जाम. ड्रम उघडले, सिलिंडरातले रबरी कप फुगून तोंडाशी अडकलेत. मास्टर सिलिंडरात तेच. फुगलेल्या कपानं तेल परत जायचं बारीक भोक झाकलं, दाब आतच राहिला.

तासाभरानं मच्छेच्यानं सांगितलं. कारखान्यातून एकदम स्वच्छ, नवं हायड्रॉलिक तेल आणून त्यानं भरलं होतं. "ब्रेक हायड्रॉलिक, ऑइल हायड्रॉलिक, माझ्या हातातलं सगळ्यात चांगलं तेल होतं ते."

मी रात्रभर ह्याचा विचार केला. सहा महिने आम्ही सगळे "ब्रेक ऑइल, ब्रेक ऑइल" म्हणत होतो. दुकानदार तेच म्हणतो, मामा तेच म्हणतात. आणि ते ऑइल नव्हेच. ते ग्लायकॉलवर केलेलं द्रव आहे, आणि ब्रेकचं रबर त्याच्यासाठीच केलेलं असतं. खनिज तेल लागलं की ते रबर फुगतं. पोरानं शब्द ऐकला तसं केलं. शब्द आमचा चुकीचा.

23 जुलै, बुधवार

मामांनी दोन काचेचे पेले मागवले. एकात डॉट थ्री (ब्रेकचं खरं द्रव), एकात मच्छेच्याचं हायड्रॉलिक तेल, दोन्हीत एकेक नवा कप. माप आधी व्हर्निअरनं घेऊन भिंतीवर लिहिलं. रविवारी काढून मापलं : पहिला होता तेवढाच, दुसरा दीड मिमी फुगून मऊ पडलेला. फुगलेला कप खिळ्यावर टांगलाय, हत्यारांच्या फळीशेजारी.

सगळी लाइन स्पिरिटनं धुतली, होज आणि रबर पुन्हा नवे. ₹4,700. मच्छेचा आपल्या पगारातून देतो म्हणाला. घेतले नाहीत. बाटलीवर आता "ब्रेक फ्लुइड" असं मोठ्या अक्षरांत चिकटवलंय आणि शेडमध्ये दुसरा शब्द वापरला की चहाचे पैसे द्यायचे. मामांनीच सगळ्यात जास्त दिलेत.

17 ऑगस्ट

वायरिंग. जुन्या तारांचं आवरण हात लावला की झडतं. एकेक तार जुन्याच रंगाची घेऊन बदलली, मूळ मांडणी तशीच, डायनामो आणि कटआउट तसेच. फ्यूज मात्र दोन वाढवले. बैलहोंगलच्याचा हात तारांना फार चांगला. ₹6,300.

पेट्रोलची लाइनही बदलली. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, जुनं रबर आणि फ्युएल पंपाचा पडदा त्यात टिकत नाही. इथेनॉल चालणारी नळी मागून घ्या, साधी बसवू नका. टाकीत पेट्रोल महिनोन्महिने साठवूही नका, ते पाणी ओढतं.

पुढचे तीन आठवडे गणपती. पोरं मंडळात. शेड बंद.

14 सप्टेंबर

इंजिन चालू करायचा दिवस. सिलिंडर पेटायचा क्रम 1-3-4-2. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट 0.45 मिमी फिलर गेजनं. टायमिंगला दिवा लावून, पॉइंट उघडतो त्या क्षणी दिवा पेटला पाहिजे, हे प्रत्येकाकडून एकदा करून घेतलं. पाच जणांचे तीन तास. माझा हात शिवशिवत होता, खिशात घालून उभा राहिलो.

सेल्फ मारला, फिरलं, पेटलं नाही. पुन्हा. कार्ब्युरेटरमधून भडका परत आला. खानापूरची म्हणाली, थांबा. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, रोटर बघितला. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर होता खरा, पण कॉम्प्रेशनवर नाही, एक्झॉस्टच्या शेवटी. रोटर 180 अंश उलटा बसलेला. मला कळलं होतं. मामांनाही कळलं असणार, ते छताकडं बघत होते. तिनं एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरून येळ्ळूरच्याला क्रँक फिरवायला लावला, हवा अंगठा ढकलते तिथं थांबवलं, रोटर फिरवून बसवला.

दुसऱ्या सेल्फला पेटलं. मामांनी लांब स्क्रूड्रायव्हर मागितला, टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला. एकेका बेअरिंगवर फिरून ऐकलं. मग स्क्रूड्रायव्हर बैलहोंगलच्याच्या कानाला लावला आणि कानडीत काहीतरी सांगितलं. पोरगं डोळे मिटून दहा मिनिटं ऐकत होतं.

कोपरातून पाण्याचा थेंब नाही.

1 ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारं पुसून फळीसमोर मांडली, झेंडूची फुलं, नारळ. मित्राच्या आईनं शेडमध्ये शेवटची खंडेनवमी कधी झाली ते सांगितलं, तेव्हा मागांची पूजा व्हायची. त्यांनी मागाचा एक जुना धोटा जपून ठेवलाय, तोही आमच्या पान्यांशेजारी ठेवला.

9 नोव्हेंबर

रंग. हवा कोरडी, सकाळी दहा ते दुपारी तीन. कॉम्प्रेसरच्या लाइनला पाण्याचा सापळा लावला. तरी पहिल्या बॉनेटवर थेंबाचे डोळे आले, कारण टाकीतलं पाणी आदल्या दिवशी सोडायचं राहिलं होतं. बॉनेट घासून पुन्हा. मूळ फिक्कट हिरवा रंग डॅशबोर्डच्या आत झाकलेल्या जागी सापडला, त्यावरून जुळवला. रंगकामाला ₹38,000, सगळ्यात मोठा खर्च. इथं रंगारी बाहेरून बोलावला. रंगाची बंदूक एका रविवारात हाताला येत नाही, आणि त्या पैशात शिकवण्याची माझी हिंमत नव्हती. पोरांनी वॉटर पेपर घासला आणि बघितलं.

30 नोव्हेंबर

वडगाव ते येळ्ळूर, राजहंसगडाच्या पायथ्यापर्यंत आणि परत. परवाना असलेल्या तिघांनी आळीपाळीनं चालवली. चढावर तापली नाही. ब्रेक सरळ धरतात. दुसऱ्या गिअरात थोडा आवाज आहे, तो बॉक्स उघडल्याशिवाय जाणार नाही.

हिशेब : सगळं मिळून ₹1,49,000, नोंदणीची फी धरलेली नाही. त्यात टायरांचे ₹17,500, हत्यारांचे ₹18,400. चुकांचे ₹10,800 : सिल, प्रायमर, ब्रेक आणि कोपर. दहा महिने लागले. सिल, प्रायमर आणि नट-बोल्ट मिळून सात रविवार गेले. एकट्यानं केली असती तर बहुतेक निम्म्या वेळात झाली असती, पण मग दांडा न मारता सिल कापायची नाही हे फक्त मला एकट्याला माहीत असतं.

परत आल्यावर मी घरी अंगणात मामांना पुढच्या सीटवर बसवलं. ते गिअरचा दांडा धरून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "ह्या बुशला ग्रीस कमी पडलंय." येळ्ळूरचा वाकून ग्रीस घालायला गेला.

पुढच्या रविवारी काकतीहून एका शेतकऱ्याची जुनी महिंद्रा जीप येते आहे, आणि दोन नवी पोरं. चासी वेगळी असल्यामुळं सिलची भानगड नाही, पण रिव्हेट सगळे गंजलेत. टाकीजवळचं लोहचुंबक बैलहोंगलच्यानं नव्या दोरीला बांधलंय. नोंदवही आजपासून खानापूरचीकडं.

घाईनं राहिलेलं एक : डाव्या दाराचं बिजागर अजून अर्धा मिमी वर घ्यायचंय.